कारंज्याहून आणलेला रुपेरी ब्लॉक

माझ्या दोघा नातवंडांनो,

हे आताच का लिहिते आहे ते आधी सांगते. गेल्या रविवारी धाकट्याने मला फोनवर त्याचं गॅरेज दाखवलं. फरशीवर दोन इंजिन-ब्लॉक होते. एक ॲल्युमिनियमचा, हलका, चकचकीत. दुसरा ओतीव लोखंडाचा, गंजलेला, पहिल्यापेक्षा बराच स्वस्त. जुन्या गाडीला टर्बो बसवायचा आहे, खिशात पैसे बेताचे आहेत, तर यातला कोणता घ्यावा, असं तो थोरलीला विचारत होता. टर्बो म्हणजे काय तेही त्याने मला समजावून सांगितलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि मग सिलिंडरच्या भिंतींवर दाब वाढतो. मी विचारलं, "भिंती किती जाड आहेत ते पाहिलंस का? आधी किती वेळा बोअर झालाय?" बोअर म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून तासून रुंद करणं.

त्याने वाकून ब्लॉकमध्ये पाहिलं. मग मागून तुमच्या आईचा आवाज आला, "अरे, तिला नको विचारूस! वाशीमच्या एका मिस्त्रीने तिच्या गळ्यात असाच फुटका ब्लॉक मारला होता."

तुम्ही दोघं हसलात. मीही हसले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर चहा केला, तो तसाच गार झाला. तुमची आई जे बोलली ते खरं नाही. ती खोटं बोलली असं नव्हे. तिला तेच ठाऊक आहे. तिला तेवढंच ठाऊक राहू दिलं ते मी. आता माझं वय झालं आहे आणि धाकट्याच्या फरशीवर पुन्हा दोन ब्लॉक आहेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते. थोरलीला देवनागरी सरावाची आहे, तिने भावाला वाचून दाखवावं. तुमच्या आईलाही द्यावं.

तुमचे आजोबा डॉक्टर होते. वाशीममध्ये दवाखाना होता आणि आठवड्यातून तीन दिवस ते आसपासच्या गावांत जात. त्यासाठी त्यांनी लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी पेट्रोलची जीप घेतली होती. मला त्यांनीच शेताकडच्या रस्त्यावर जीप चालवायला शिकवलं. एका उन्हाळ्यात गाडी तापली. रोगी अडला होता आणि त्यांना घाई होती. त्यांनी इंजिन निवू न देता त्यात विहिरीचं थंड पाणी ओतलं. टक् असा आवाज आला, आणि ब्लॉकला आरपार तडा गेला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा. त्यातच सिलिंडर असतात, त्यांच्याभोवती पाणी खेळतं, बाकी सगळं त्याला जोडलेलं असतं. तो गेला की नुसती दुरुस्ती भागत नाही, दुसरा शोधावा लागतो. जीपबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर आजोबांनी पेन्सिलीने लिहिलं, "ब्लॉक – अकोला? कारंजा?" पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ते गेले. जीप घरामागच्या कडुनिंबाखाली उभी राहिली.

तुमची आई तेव्हा पाच वर्षांची होती. मी बी.ए. होते, इंग्रजी घेऊन. मला केनवडच्या शाळेत नोकरी मिळाली. घर वाशीमला, शाळा केनवडला. सकाळी सहाची एस.टी. धरायची आणि संध्याकाळी सातच्या पुढे परत यायचं. केनवडात खोली पाहिली, पण एकट्या बाईला कुणी देईना. महिनाभर मी तुमच्या आईला रोज बसने बरोबर नेलं. ती उभ्याउभ्या माझ्या मांडीला डोकं टेकून झोपायची. दोनदा ताप आला. मग पुण्याहून माझी आई, म्हणजे तुमची पणजी, आली आणि तिला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "जूनपर्यंत काहीतरी सोय कर. केलीस तर पोर तुझी तुला परत आणून देईन. नाहीतर तिचं नाव आमच्या इथल्या शाळेत घालते. पहिलीचं वर्ष आहे, इकडेतिकडे करता येणार नाही."

सोय एकच होती. जीप चालू झाली असती तर सकाळी साडेनऊला निघून सहा वाजता घरी येता आलं असतं. केनवडच्याच प्राथमिक शाळेत तिला घालता आलं असतं. वाशीमहून जाणारे दोन शिक्षक पेट्रोलमध्ये वाटा द्यायला तयार होते. मी तिच्यासाठी पुढच्या सीटवर ठेवायला एक जाड उशीही शिवली, काचेतून रस्ता दिसावा म्हणून. हे झालं जानेवारीत. म्हणजे इंजिन नव्हतं आणि उशी तयार होती.

त्या घरात मी एकटी कशी राहिले ते सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगते की एका माणसाचा स्वयंपाक जमायला मला बरेच महिने लागले. भात नेहमी उरायचा. संध्याकाळी शेजारणी ओट्यावर बसत, मी गेले की बोलणं बदलत. तेव्हा मी ते माहितीपुस्तक वाचायला घेतलं. रोज दहा पानं. समासात अवघड शब्दांचे अर्थ लिहिले. आकृत्या वहीत उतरवल्या. इंग्रजी नाटकं-कविता शिकलेल्या बाईला सिलिंडरची मापं वाचताना बरं वाटावं, याचं मलाच नवल वाटे. पण त्यात प्रत्येक गोष्टीला एक आकडा होता आणि तो बरोबर की चूक ते कळत होतं.

आता मिस्त्री. बसस्टँडच्या मागे एका चिंचेखाली त्यांचं काम चाले. वर पत्रे, खाली तेलाने काळी झालेली जमीन. वय साठीच्या घरात, मेंदी लावलेली दाढी, डोक्याला गोल टोपी. शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती, पण आजोबांची जीप तेच दुरुस्त करत. मी पुस्तक घेऊन गेले तेव्हा त्यांनी हात पुसून ते दोन्ही हातांनी घेतलं, आकृत्या पाहिल्या आणि परत दिलं.

"बाई, तुमी वाचून सांगा, मी करतो," ते म्हणाले. "पन ब्लॉक पाहाले मले संग घेऊन चाला. लोखंड पुस्तकात नाई दिसत."

त्या दिवसांत पेट्रोलचे भाव एकदम चढले होते. बऱ्याच लोकांनी असल्या जीपा उभ्या केल्या होत्या, काहींनी मोडीत काढल्या होत्या. त्यामुळे ब्लॉक मिळणं अवघड नव्हतं. चांगला ओळखणं अवघड होतं. डिझेलचं इंजिन बसवावं का, असं मी विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "ते बसवाल तं चेसीस बदला, गिअर बदला. मंग नवीच गाडी काहून नाई घेत?" अकोल्याला काही मिळालं नाही. मेच्या सुरुवातीला कारंजा लाडच्या एका भंगारवाल्याकडे दोन ब्लॉक असल्याचं कळलं. मी आणि मिस्त्री सकाळच्या बसने मंगरूळपीरमार्गे कारंज्याला गेलो. माझ्या पिशवीत पुस्तक, वही, डबा आणि शाळेतली खडूची पेटी होती. खडू मुद्दाम नेले नव्हते. सुट्टी लागल्यापासून ते पिशवीतच राहिले होते.

भंगारवाल्याच्या आवारात कापसाच्या कारखान्यातली मोडकी चक्रं, पत्रे, पाइप असा पसारा होता. एका बाजूला दोन्ही ब्लॉक. एकाला रुपेरी रंग दिलेला, तो गोणपाटावर ठेवला होता. दुसरा गंजून तांबडा झालेला, दोन दगडांवर टेकवलेला, त्याच्या एका सिलिंडरमध्ये वाळलेली पानं. मिस्त्रींनी कापडात गुंडाळलेली मापं काढली आणि आतल्या मापाचा कंपास सिलिंडरमध्ये फिरवला. मी आकडे वहीत मांडले. रुपेरी ब्लॉकचे चारही सिलिंडर पुस्तकातल्या मूळ मापाशी केसाइतकाही फरक न ठेवता जुळले. गंजलेल्याचे चारही मोठे निघाले, म्हणजे तो एकदा बोअर होऊन गेलेला होता. पुस्तकाच्या हिशेबाने अजून चालला असता, पण तो वापरलेला होता हे आकड्यांवरून दिसत होतं.

"बाई, ह्याच्यात नवे लायनर टाकले हाय," मिस्त्री रुपेरी ब्लॉकमध्ये बोट फिरवत म्हणाले. "म्हनून माप बरोबर येऊन राह्यलं. लायनर कोनी हौसेनं टाकत नाई." लायनर म्हणजे खराब झालेल्या सिलिंडरात आतून बसवलेली नवी नळी.

"पुस्तकात लायनर चालतात असं लिहिलंय."

"चालते ना. पन हे पाहा." त्यांनी ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढलं. आत व्हॉल्व्हचा कप्पा होता. "इथं आतबी रंग हाय. इथं कोन रंगवते? इथं कोनाचा डोया जाते?"

भंगारवाला बिडी ओढत ऐकत होता. "चाचा," तो म्हणाला, "घर विकाच्या येळी मानूस चुना मारतेच ना?"

"मारते. पन कोठीतल्या आतल्या भिताडाले कोनी मारत नाई."

"तुमाले साराच संशय. बाईले पाहू द्या. बाई, तुमी तं शिकलेल्या. पुस्तक घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

मिस्त्रींनी पान्याच्या दांड्याने गंजलेल्या ब्लॉकवर टोला दिला. तो घंटेसारखा वाजला, आवाज थोडा वेळ राहिला. रुपेरी ब्लॉकवर टोला दिला. तो मडक्यावर मारल्यासारखा भद्द वाजला. मिस्त्री माझ्याकडे पाहत उभे राहिले. पुढचं मला सांगायला लाज वाटते, कारण मी त्यांना शिकवायला लागले. म्हटलं, "मिस्त्री, हा गोणपाटावर आहे आणि तो दगडांवर. आवाज सारखा कसा येईल? दोन्ही एकसारखे ठेवले तरच तुलना होईल."

माझं म्हणणं बरोबर होतं. पण मग दोन्ही एकसारखे ठेवून बघायला हवं होतं. मिस्त्री साखळी घेऊन उचलू म्हणाले. भंगारवाला म्हणाला, हमाल जेवायला गेलेत. मिस्त्रींनी दुसरा उपाय सांगितला: "रॉकेल भरून ठेवू. बाहेरून खडू लावू, रंग खरवडून. रातभर राहू द्यायचं. तडा असन तं रॉकेल पाझरते, खडूवर काळी रेघ येते. सकाळी पाहू. एक दिवस जाईन, बाई."

एक दिवस. माझ्या पिशवीत आईचं पत्रही होतं. ती तुमच्या आईला घेऊन महिनाअखेरीला येणार होती, आणि मिस्त्रींना इंजिन जोडायला तीन आठवडे लागणार होते. रॉकेल रेशनवर मिळत असे, कारंज्यात ते कुठून आणायचं हा प्रश्न होता. रात्री राहायचं कुठे हाही. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं, ते इतक्या वर्षांनी तरी लिहायला हवं. वहीतले आकडे मी स्वतः मांडले होते आणि ते पुस्तकाशी जुळत होते. आजोबा गेल्यापासून माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी बरोबर जुळलं होतं. ते मला कुणी खरवडून दाखवायला नको होतं.

"हाच घेऊ," मी रुपेरी ब्लॉकवर हात ठेवून म्हटलं.

मिस्त्रींनी एकदाच विचारलं, "पक्कं?" मी पुस्तक उघडून मापाचं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचता येत नसतानाही त्यावर अंगठा ठेवला, मान हलवली आणि मापं पुन्हा कापडात बांधली.

ब्लॉक दोन हमालांनी एस.टी.च्या टपावर चढवला. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्याले बसाले जागा लागन तं फुल तिकीट घ्या. टपावरच बसन म्हनते तं सामानाचं फाडतो." बसमधले लोक हसले. मीही हसले. परतीच्या वाटेवर बस मंगरूळपीरला थांबली. मिस्त्रींनी मला चहा आणून दिला.

तीन आठवडे मी रोज चिंचेखाली जात होते. मी वाचायची, मिस्त्री जोडायचे. बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे ते पुस्तकात होतं, आणि बहुतेक वेळा ते त्याच क्रमाने आधीच आवळत असत. एकदा निवडल्यावर त्यांनी त्या ब्लॉकबद्दल एक शब्द वावगा काढला नाही. माझं जेवण एकटीनेच व्हायचं, पण निदान दिवसातून चार तास कुणीतरी माझं वाचलेलं ऐकत होतं. इंजिन सुरू झालं त्या दिवशी मी घरी आले आणि उशीला नवा अभ्रा शिवला.

आई आणि तुमची आई आल्या. आईने सामान सोडलं नाही. म्हणाली, "आधी शाळेपर्यंत नेऊन दाखव. मग बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मागे आई, पुढे माझ्या शेजारी उशीवर तुमची आई. तिने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती आणि रस्त्यातलं सगळं मोठ्याने सांगत होती: म्हैस, सायकल, बाभूळ, पुन्हा म्हैस. ते मला अजून ऐकू येतं. तेवढा अर्धा-पाऊण तास सगळं झालेलं होतं. मी मनात वेळापत्रक करत होते. डबे किती वाजता भरायचे, वेणी कधी घालायची.

शिरपूर यायच्या थोडं अलीकडे इंजिनचा आवाज जड झाला. मग पांढरी वाफ. मी गाडी कडेला घेतली. या वेळी पाणी ओतलं नाही, निवण्याची वाट पाहिली. तेल तपासायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर दूध घातलेल्या चहासारखा रंग होता. तेलात पाणी गेलं होतं. पुस्तकातलं त्याचं पान मला पाठ होतं.

"आई, काय झालं?" तुमच्या आईने विचारलं.

"थोडं बिघडलंय."

"मग आता मी इथे राहणार की पुण्याला?"

मी तिला खाली उतरवून घेतलं. शिरपूरपर्यंत चालत गेलो. तिथे देवळाला आलेल्या यात्रेकरूंबरोबर बसची वाट पाहत सावलीत बसलो. उशी तुमच्या आईने बरोबर घेतली होती, ती मांडीवर धरून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जीप बैलगाडीला बांधून गावात आणली. आईही चिंचेखाली आली. मिस्त्रींनी बाजूचं झाकण उघडलं, कप्प्यातला रंग फुगून पापुद्रे सुटले होते, आणि त्याच्याखाली शिसं का काहीतरी भरून बुजवलेला तडा वीतभर उघडा पडला होता. पाण्याची जागा आणि तेलाची जागा यांच्यामधली भिंतच फुटलेली होती. आईने ते पाहिलं. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण तडा कुणालाही कळतो.

"हा निवडला कुणी?" तिने विचारलं.

मी पुस्तक छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"म्याच निवडला, माय," ते आईला म्हणाले. "रंग पाहून भुललो. माही चूक हाय."

"तुमच्या चुकीने एका लेकराची आई तुटली, कळतंय का तुम्हाला?"

"कळते, माय."

मी काही बोलले नाही. तुमची आई तिथेच होती, माझ्या पदराला धरून. तिला आठवतं ते हेच. तिने कानांनी ऐकलं की मिस्त्री चुकले. मी तेव्हा बोलले असते तर ती आज फोनवर वेगळं बोलली असती.

त्या दोघी तिसऱ्या दिवशी पुण्याला गेल्या. जूनमध्ये तिचं नाव तिकडच्या शाळेत घातलं.

मी आठवडाभर चिंचेकडे फिरकले नाही. मग एकटी कारंज्याला गेले. गंजलेला ब्लॉक तिथेच दगडांवर होता, पानांसकट. भंगारवाल्याने रुपेरी ब्लॉकबद्दल कानांवर हात ठेवले. त्यानेही तो तसाच विकत घेतला होता म्हणे. मी वाद घातला नाही. पान्याने टोला दिला, तो घंटेसारखा वाजला. तो टपावर घालून आणला. या वेळी कंडक्टरने सरळ सामानाचं तिकीट फाडलं.

मिस्त्रींनी सिलिंडरमधली पानं काढली, गंज घासला, पाण्याची भोकं लाकडी गुट्ट्यांनी बंद केली. मी माझ्या रेशनचं रॉकेल आणलं होतं. ते आत भरलं. मग मी पिशवीतून खडूची पेटी काढली. तीच. मिस्त्रींनी पेटी पाहिली, त्यांना कारंज्याचा दिवस आठवला असणार. आम्ही दोघांनी खडू कुटून पाण्यात कालवला आणि ब्लॉकला आतून-बाहेरून लावला. सुकल्यावर तो पांढरा सांगाडा चिंचेखाली एखाद्या देवळातल्या मूर्तीसारखा दिसायला लागला. तेव्हा मी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही आईला तसं का सांगितलंत?"

"काहून म्हंजे?" ते हसले. "तुमची माय तुमालेबी घेऊन गेली असती पुन्याले. म्हनली असती, हिले काई समजत नाई. मंग नोकरी गेली, घर गेलं. मिस्त्रीची चूक तं लोक रोजच काढतेत, त्यात आनखी एक."

"मी आईला खरं काय ते कळवते."

"कळवजा. पन गाडी चालू झाल्यावर कळवजा. आता कळवाल तं रडून कळवाल." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी आवाजाचं सांगतलं ते खोटं नवतं, बाई. गोनपाटावर आवाज मरतेच. म्हनून तं मी उचलून पाहू म्हनलो."

सकाळी ब्लॉक जसा होता तसाच पांढरा होता. एकही रेघ नव्हती.

जीप पोळ्याच्या आसपास चालू झाली. अकरा वर्षं चालली. त्या ब्लॉकने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. दोन्ही शिक्षक मागे बसत. पुढच्या सीटवर बाईंच्या शेजारी बसायला त्यांना संकोच वाटे. त्यामुळे ती जागा रिकामी असे. उशी मी काही दिवस तिथे ठेवली, मग धुऊन कपाटात ठेवली.

दिवाळीत तुमची आई आली. तिला घ्यायला मी जीप घेऊन स्टँडवर गेले. ती चढली, उशी नको म्हणाली, कारण आता तिची उंची वाढली होती. रस्ताभर गप्प होती. घर आल्यावर तिने विचारलं, "ही परत बंद पडेल ना?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली, मोठी माणसं हलवतात तशी. पुण्यात तिच्या मैत्रिणी होत्या, पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक होतं. वर्ष संपल्यावर मी तिला आणायला गेले, तेव्हा ती आजीच्या मागे उभी राहिली. मी आग्रह केला नाही. ती मॅट्रिकपर्यंत तिथेच राहिली. मग कॉलेज, मग लग्न, मग तुमचा देश. सुट्टीत येत असे, आणि आम्ही दोघी एकमेकींशी फार नीट वागत असू.

हे सगळं एका ब्लॉकमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण तो एक दिवस मी कारंज्यात थांबले असते तर सकाळी खडूवर काळी रेघ दिसली असती, आणि आम्ही दुसरा ब्लॉक घेऊन आलो असतो. तुमची आई जूनमध्ये केनवडच्या शाळेत गेली असती. एवढं मला निश्चित माहीत आहे.

आईला मी कळवलं नाही. गाडी चालू झाली तेव्हा वाटलं, आता काय उपयोग. पुढे आई गेली. मिस्त्रींनी मला परत कधी विचारलं नाही. त्यांच्यानंतर चिंचेखालचं काम त्यांच्या मुलांनी चालवलं, मग ती जागा रस्त्यात गेली. माझी जीप मी निवृत्त व्हायच्या आधीच विकली. गाडी चालू झाल्यावर सांगा, एवढंच त्या माणसाने माझ्याकडे मागितलं होतं.

धाकट्या, तुझे दोन्ही ब्लॉक एकसारखे ठेवून वाजवून बघ. आत कुठे रंग आहे का ते बघ. तुमच्याकडे दाबाने तपासायची यंत्रं असतील. नसतील तर रॉकेल आणि खडू आहेतच. एक रात्र जाऊ दे. आणि मिस्त्रीने माझ्या गळ्यात काही मारलं नव्हतं, हे तुझ्या आईला सांग. ब्लॉक मी निवडला होता.

माहितीपुस्तक माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर आजोबांचं पेन्सिलीचं अक्षर आहे, आणि मापांच्या पानावर मिस्त्रींच्या अंगठ्याचा तेलकट ठसा. उशीही आहे. रुपेरी ब्लॉक घरामागे कडुनिंबाखाली आहे, त्यावर मी पाखरांच्या पाण्याचं भांडं ठेवते. रंग आता सगळा गेला आहे. तडा दिसतो.